आठ तासांची साक्ष

साखर उसातनं येते असं सगळ्यांना वाटतं. ऊस नुसता रस देतो. त्या रसाची साखर करतो तो पॅनमन. मी चौतीस हंगाम पॅनमन होतो. हे मी पहिल्यांदा छाती काढून सांगून घेतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात छाती काढण्यासारखं काही नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी मला परदेशातले अनुभव लिहा म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं असणार, म्हातारा आफ्रिकेत जाऊन आलाय, हत्ती-सिंहाचं काहीतरी सांगेल. हत्ती मी एकपण बघितला नाही. मी बघितला तो साखर कारखाना, आणि तो सगळीकडं सारखाच असतो. तोच वास, तीच धग, तोच भोंगा. वेगळं होतं ते एवढंच, की माणूस किती तास उभा राहतो आणि त्याला किती मिळतं. त्याचंच लिहिणार आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका असतील त्या असू द्यात, पण कुणी माझी वाक्यं गोड करू नयेत.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं लोखंडी भांडं. पोटात वाफेच्या नळ्या. आतली हवा ओढून घेतलेली असते, म्हणून पाक कमी तापावर उकळतो आणि करपत नाही. पाक घट्ट होत होत एका ठिकाणाला आला की त्यात साखरेचं बारीक बी सोडायचं. त्या बियाभोवती साखर जमायला लागते. त्याला आम्ही दाणा धरला म्हणतो. मग तीन-चार तास तो दाणा वाढवत न्यायचा. पाक जरा जास्त घट्ट झाला की आत दुसराच बारीक दाणा पडतो, तो खोटा दाणा. तो पडला की माल बिघडला. पातळ राहिला तर धरलेला दाणा विरघळून जातो. आणि हे सगळं आत चाललेलं, बाहेरनं धड दिसत नाही. एक पितळी दांडा असतो, प्रूफ स्टिक. तो आत सारून फिरवून ओढायचा, खाचेत आलेला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दिव्यापुढं धरायचा, दोन बोटांत चोळायचा. तेवढ्यावर ठरवायचं. दाणा भरला की खालचं तोंड उघडून सगळा माल खाली. म्हणजे पॅन सोडला.

हातकणंगल्याकडच्या आमच्या कारखान्यात पॅनवर एक रीत होती. ज्यानं दाणा धरला, त्यानंच पॅन सोडायचा. कुठल्या कायद्यात नाही, कुठल्या साहेबानं सांगितलेलं नाही. आमची आम्हीच पाळलेली रीत. पाळी संपली, भोंगा झाला, तरी माणूस आपला पॅन अर्धा टाकून जायचा नाही. दुसऱ्याच्या दाण्याला हात लावायला कमीपणा वाटायचा, आणि आपला दाणा दुसऱ्याच्या हातात द्यायला त्याहून जास्त.

पण थांबलेला वेळ फुकट जायचा नाही. हजेरीत लागायचा, दुप्पट दरानं. कुणाला पैसे नको असतील तर दुसऱ्या दिवशी तेवढा उशिरा यायचा. पाळी आठ तासांची. आठवड्याची सुट्टी. कारखाना बंद असताना घरी बसून पगाराचा काही भाग मिळायचा, त्याला रिटेन्शन म्हणायचं. हे सगळं आमच्या आधीच्या लोकांनी गेटवर उन्हात बसून मिळवलेलं. मीपण एकदा नऊ दिवस बसलोय.

आणखी एक होतं. माझ्या जोडीचा सदा म्हणून पॅनमन होता. त्याच्या शेतात पाण्याची पाळी आली की म्हणायचा, "दत्तू, आज माझी पाळी पण मार की. म्होरच्या बुधवारी तुझी मी मारतो." मग मी सोळा तास उभा. बुधवारी तो सोळा तास उभा आणि मी पोराबाळांना घेऊन जोतिबाला. असा सोळा तास मी वर्षातनं चार-दोनदा उभा राहिलो असेन. दोस्तीखातर.

हे लक्षात ठेवा. कारण हेच मी पुढं विकून खाल्लं.

रिटायर झालो आणि मंगळवार पेठेत पोराच्या घरात आलो. तालमीच्या कट्ट्यावर बसायचं, आणि घरी आलो की बायको म्हणायची, "पायात आडवं पडू नगासा, तिकडं सरा." चौतीस हंगाम ज्याच्या बोटावर साखर ठरायची, त्याला कुणी तिकडं सरा म्हणावं हे मला सोसत नव्हतं. तेवढ्यात एका ओळखीच्या केमिस्टनं विचारलं, "मिस्त्री, केनियाला येणार? दोन वर्षांचं काम आहे. पॅनवरची माणसं तयार करायची." मी पासपोर्ट काढला. करारावर सही केली.

तिथं माझ्या हाताखाली वाफुला म्हणून एक माणूस दिला. पस्तिशीचा, उंच, शांत. खरं म्हणजे तो हाताखालचा नव्हता, अकरा वर्षं पॅनवर होता. पहिल्याच दिवशी त्यानं काचपट्टी दिव्यापुढं धरली आणि मान हलवली, तेव्हाच मला कळलं की ह्याला शिकवायला काही नाही. पण तसं म्हटलं असतं तर मला तिकीट काढून कशाला आणलं असतं? म्हणून मी गप्प राहिलो. तीही एक लबाडीच.

वाफुला लहानपणी एका गुजराती दुकानात कामाला होता, त्याला तोडकं हिंदी यायचं. मला त्यांचं तोडकं यायला लागलं. आम्ही जे बोलायचो ते कुठल्याच भाषेत बसणारं नव्हतं. म्हणून इथं तो कोल्हापुरी बोलताना दिसेल. त्याला माझा इलाज नाही, मला तो तसाच ऐकू येतो. मला तो 'मझे' म्हणायचा. त्यांच्यात वडीलधाऱ्याला तसं म्हणतात.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. पॅन चढवला होता, दाणा वाढत होता, आम्ही दोघं उभे. पॅनवर बसायला मिळत नाही, तिथंही आणि इथंही. वाफुलानं विचारलं, "मझे, तुमच्याकडं पाळी किती तासाची?"

"आठ."

"आणि राहिलेले चार?"

"कुठले चार?"

"बारातले."

मी हसलो. म्हणालो, "लेका, आमच्यात दिवसाच्या तीन पाळ्या. तुमच्यासारख्या दोन न्हाईत."

त्याला खरं वाटेना. खिशातनं खडूचा तुकडा काढून त्यानं पॅनच्या काळ्या पत्र्यावरच दोन रकाने काढले. एक त्यांचा, एक आमचा. मग एकेक विचारत गेला आणि मी फुशारकीनं सांगत गेलो. तास? इथं बारा, तिकडं आठ. जास्त थांबलं तर? इथं साहेबाची मर्जी, तिकडं दुप्पट. सुट्टी? इथं महिन्यातनं दोन, तिकडं आठवड्याला एक. कारखाना बंद पडला तर? त्यांच्याकडं ऊस बारमाही, पण मधनंच ऊस संपतो, मशीन मोडते, तेव्हा रोजंदारीवरच्यांना घरी पाठवतात, काही देत नाहीत. मी म्हणालो, आम्हाला घरी बसून मिळतं. वाफुला खडू धरून माझ्याकडं बघतच राहिला.

"घरी बसून? काय करताय मग?"

"झोपतोय. तालमीच्या कट्ट्यावर बसतोय. बायकोच्या शिव्या खातोय."

"त्याचा पगार?"

"त्याचाच."

एवढं मोठ्यानं हसला की खालच्या मजल्यावरचा माणूस वर बघायला लागला. मग पगारावर आला. एका दिवसाच्या पगारात त्याच्या घरी दोन किलोची मक्याच्या पिठाची पिशवी, पालेभाजी आणि रॉकेल यायचं. साखर त्यात बसली तर बसली. साखर करणाऱ्याची बायको साखर ग्लासानं मोजून आणायची. सुटताना गेटवर त्यांचे खिसे चाचपायचे. आमच्या कारखान्यात दिवाळीला पोत्यानं सवलतीची साखर मिळायची, तेपण मी सांगितलं. सांगायचं राहिलं एकच. त्याच पॅनवर त्याच कामाला मला जे महिन्याला मिळत होतं, तेवढ्याला त्याला सहा महिने लागत होते. त्यानं तो रकाना काढला नाही. मीपण काढ म्हणालो नाही.

तो खडू कितीतरी दिवस तसाच होता. येता-जाता माणसं थांबून वाचायची. मला बघून म्हणायची, "मझे, खरं का?" मी म्हणायचो, "मग काय खोटं सांगतोय व्हय?"

दुसऱ्या वर्षी पॅनच्या लोकांनी मागणी घातली. बाराच्या दोन पाळ्या नको, आठच्या तीन करा, पगार तोच ठेवा. एवढीच. जीएम साहेबांनी बैठक बोलावली. साहेब आपल्याच भागातले. मला ते मिस्त्री म्हणून हाक मारायचे आणि त्यांच्या घरचं लोणचं पाठवून द्यायचे. बैठकीला दुपारी आम्हाला मोठ्या खोलीत बोलावलं. लोक भिंतीला लागून उभे. साहेबांच्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती. साहेब म्हणाले, "मिस्त्री, इकडं बसा."

चौतीस हंगामात मला कुठल्या साहेबानं आपल्या बाजूला बसवलं नव्हतं. ऑफिसात गेलो की दाराशी उभं राहायचं, काय असेल ते सांगायचं, निघायचं. मी बसलो. खुर्चीला हात होते, त्यावर हात ठेवले.

लोकांतर्फे वाफुला बोलला. खडूचे रकाने त्याला तोंडपाठ होते. शांतपणे एकेक सांगितलं. साहेब म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?" वाफुलानं माझ्याकडं हात केला. "मझेला विचारा. भारतात आठ तास काम करतात आणि घरी जाऊन झोपतात. तिथं काम हलकं हाय."

साहेब माझ्याकडं वळले. हसत होते. मराठीतच म्हणाले, "काय मिस्त्री? काम हलकं होतं म्हणे तुमचं?"

आता मी सांगतो मला काय झालं. त्या माणसाच्या पोटाचा प्रश्न होता. तिथं उभ्या असलेल्या तीस-चाळीस माणसांचा होता. त्यांनी माझ्या भरवशावर मागणी घातली होती, आणि मला नुसतं "व्हय, आठ तास" एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या कानात एकच शब्द अडकला. हलकं. माझं काम हलकं? कोल्हापूरच्या माणसाचं? एवढ्या लोकांत, साहेबाच्या शेजारी बसलो असताना?

मी खुर्चीवरनं पुढं सरलो आणि म्हणालो, "हलकं? आमच्यात ज्यानं दाणा धरला तोच पॅन सोडतोय. घड्याळाकडं बघत न्हाय. मी स्वतः सोळा-सोळा तास उभा राहिलोय. पॅन अर्धा टाकून घरी जाणारा पॅनमनच न्हवं."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं. मग साहेबांनी विचारलं, "सोळा तास?" मी म्हणालो, "सोळा." दुप्पट दराचं म्हणालो नाही. सदाचं म्हणालो नाही. वर्षातनं चार-दोनदा म्हणालो नाही. लिहिलेल्या कागदाखाली साहेबांनी माझी सही घेतली. मी ठळक, मोठी सही केली.

वाफुला माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. काचपट्टी दिव्यापुढं धरून बघावं तसं. मग त्यानं मान खाली घातली.

मागणी पडली. आठवड्याभरात पॅनच्या जिन्यापाशी एक कागद लावला. ज्यानं दाणा धरला त्यानंच पॅन सोडायचा, पाळी संपली तरी. वरच्या वेळेचे पैसे नाहीत. साहेब मला म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या कोल्हापूरची शिस्त इथं आणली बघा." आमची आम्ही पाळलेली रीत, जिच्यामुळं आम्ही ताठ मानेनं चालायचो, ती तिथं त्यांच्या गळ्यात फास होऊन बसली. बाराचे पंधरा तास झाले. अकराव्या तासाला दाणा धरायची वेळ आली की माणसं एकमेकांकडं बघायची.

मी तेव्हा काय करत होतो म्हणाल, तर स्वतःला सांगत होतो की मी एक शब्दपण खोटा बोललो नाही. सोळा तास उभा राहिलोय की. रीत होती की. कुणी विचारलं असतं तर भांडलो असतो. कुणी विचारलं नाही. तिथली माणसं मला मझेच म्हणत होती, पण पॅनवर आलो की बोलणं थांबायचं. खडूचे रकाने कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकले होते.

महिन्याभरानं एक दिवस वाफुला सकाळी सहाला आला. मीपण त्याच पाळीला. दोन पॅन झाले, तिसऱ्यात त्यानं साडेबाराला दाणा धरला. उत्तम धरला. एकसारखा, स्वच्छ, मला हेवा वाटावा असा. दोन वाजले. त्यानं प्रूफ स्टिक ओढली, काचपट्टी बघितली, बोटं फडक्याला पुसली आणि प्रूफ स्टिक माझ्या हातात दिली.

मी म्हणालो, "कुठं?"

"घरी. आठ तास झाले."

"पॅन अर्धा हाय लेका!"

"हाय."

"तुला काढून टाकतील."

"तुमच्याकडं आठ तासांनी घरी जाणाऱ्याला काढत न्हाईत न्हवं? मी आज तुमच्याकडं हाय असं समजा."

मी म्हणालो, "वाफुला, असं करू नको." तो म्हणाला, "मझे, माझा दाणा चांगला हाय. नीट सोडा." आणि जिना उतरून गेला. भरदुपारी, सगळ्यांसमोर, न पळता.

खरं म्हणजे मी त्याच वेळी ती प्रूफ स्टिक खाली ठेवून त्याच्यामागं जिना उतरायला पाहिजे होता. नाहीतर साहेबांकडं जाऊन त्यांना राहिलेलं पण लिहून घ्या म्हणायला पाहिजे होतं. मी पॅन सांभाळला. त्याचा दाणा मी वाढवला आणि पाचच्या आत पॅन सोडला. माल असा निघाला की केमिस्ट खाली आला बघायला. साहेब म्हणाले, "वा मिस्त्री, दुसऱ्याचा अर्धा टाकलेला पॅन!" आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना कान तापतात, पण खरं तेच आहे. त्या संध्याकाळी मला बरं वाटलं.

वाफुलाला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवलं. माझे अजून सात महिने राहिले होते, ते मी पूर्ण केले. तो गावात दिसायचा. बाजारात बायकोबरोबर टोमॅटो विकायला बसायचा. मी रस्ता बदलायचो.

घरी आलो ते मोठा होऊन आलो. कट्ट्यावर माणसं म्हणायची, "मिस्त्री, आफ्रिका सांगा की!" आणि मी तीच बैठक सांगायचो. साहेबानं शेजारी बसवलं, सगळी उभी, मी कसं ठणकावून सांगितलं. माणसं म्हणायची, "नाद खुळा!" सात-आठ वेळा तरी सांगितलं असेल. एकदा घरी पावणे आले होते, त्यांना सांगत होतो. बायको आत भाकरी थापत होती. सोळा तासावर आलो तशी ती पीठभरल्या हातानं दारात आली.

"कुठलं सोळा तास? भोंगा झाला की अर्ध्या तासात सायकल दारात लागायची. मी तवा तापवून बसायचो. भाकरी जरा गार झाली की तोंड करायचासा."

पावणे हसले. मी म्हणालो, "तुला काय कळतंय पॅनचं?"

"पॅनचं न्हाय कळत. माणूस घरात कवा येतोय ते कळतंय. सदाभावजींसाठी थांबायचासा ते सोडा. पॅनपायी कवा थांबलासा तर त्याचं पैसं घिऊन मला पातळ आणलंतासा की, ते अजून हाय." आणि आत जाता जाता म्हणाली, "त्या गरीब माणसास्नी असलं सांगून आलासा व्हय?"

पावणे गेले. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. नंतर कट्ट्यावर आफ्रिका सांगायचं बंद केलं. कुणी विचारलं तर उन्हाळा लई असतो म्हणायचो.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी मरेपर्यंत गप्प राहिलो असतो, इतका मी हट्टी आहे. पण गेल्या वर्षी फोन आला. परदेशातला नंबर. सुनेनं उचलला आणि म्हणाली, "मामा, कोण तरी मझे मझे करतंय."

वाफुला होता. आवाज तसाच, सावकाश. बायको-पोरांचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. मग कामाचं बोलला. तो आता दुसऱ्या कारखान्यात आहे, पॅनवरच. पण जुन्या कारखान्यातल्या माणसांनी परत आठ तासांची मागणी घातली आहे. सरकारी अधिकाऱ्यापुढं सुनावणी आहे. आणि कंपनीनं तिथं एक जुना कागद लावला आहे. भारतातला जाणकार पॅनमन स्वतः सांगतो की तिकडं सोळा तास काम करतात आणि पॅन सोडल्याशिवाय कुणी घरी जात नाही. खाली सही.

"मझे, सही लई मोठी हाय," वाफुला म्हणाला. "लांबनं वाचता येते."

मी म्हणालो, "मग आता?"

"तुम्ही मोबाईलवर बोला. व्हिडिओ करून पाठवा. तिकडं तास किती, वरच्या वेळेचे पैसे कसे, सगळं. अधिकारी म्हणालाय, त्या माणसानं स्वतः सांगितलं तर बघतो."

मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणून आठ दिवस घालवले. एकदा वाटलं, माझं नाव तिथं तरी चांगलं आहे, कशाला? एकदा वाटलं, इकडंपण आता पहिल्यासारखं कुठं राहिलंय, कंत्राटावरची पोरं आमच्याच पॅनवर बारा तास उभी असतात, मग तिकडच्यांना आठ तास सांगून काय उपयोग? ही सगळी पळवाट होती. शेवटी बायको म्हणाली, "त्यो माणूस वाट बघत आसंल." तेवढंच.

सुनेनं व्हिडिओ केला. मी सदरा बदलून बसलो आणि त्यांच्या भाषेत तोडकंमोडकं बोललो. सगळं सांगितलं. आठ तास, तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी, वरच्या वेळेला दुप्पट, बंद असताना रिटेन्शन. मग म्हणालो, "त्या बैठकीच्या वेळी मला हे नीट आठवलं न्हवतं, त्यामुळं जरा इकडचं तिकडं झालं." सुनेनं व्हिडिओ पाठवला. मी चहा मागितला. ओझं उतरलं असं वाटलं.

दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "मझे, उपकार झाले. पण एक. कंपनीचा वकील म्हणेल, ज्याला तेव्हा आठवत न्हवतं, त्याला आता इतक्या वर्षांनी कसं आठवलं? मग तुमचं आताचं कोण धरणार?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मझे, तुम्ही पाक बघून सांगायचा, ह्यात किती वेळानं दाणा येणार ते. रकाने आपण दोघांनी काढलेले. तुम्हाला आठवत न्हवतं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं. तेवढ्यासाठी त्यानं इतकी वर्षं काढली असणार. आत बायकोनं कुकर बंद केला. ती ऐकत होती. वाफुला पलीकडं थांबला होता, त्याला घाई कधीच नसायची.

मी म्हणालो, "आठवत हुतं."

"हं."

"सगळं आठवत हुतं वाफुला."

तो म्हणाला, "हे व्हिडिओत म्हणाल?"

सुनेला परत हाक मारली. ती मोबाईल घेऊन समोर उभी राहिली. मी सुरुवात केली आणि तिनं थांबवलं. "मामा, वर बघा. खाली बघून बोललं की कुणीतरी लिहून दिलेलं वाचताय असं वाटतंय."

वर बघणं जड गेलं. बायको दारात येऊन उभी होती, तिच्याकडं न बघता मी मोबाईलकडं बघितलं आणि बोललो. जे बोललो ते इथं तसंच लिहितो, म्हणजे ते आपल्या भाषेतपण माझ्या नावावर राहील.

मी दत्तू मिस्त्री, कोल्हापूर. चौतीस हंगाम पॅनमन. आमची पाळी आठ तासांची होती. त्या बैठकीत वाफुला जे बोलला ते खरं होतं, आणि मी खुर्चीत बसलो होतो तेव्हा मला ते माहीत होतं. माझं काम हलकं म्हटल्याचा मला राग आला आणि साहेबाशेजारी बसल्याचा मला माज आला. म्हणून मी अर्धं बोललो. अर्धं बोललो ते खोटंच. ती सही धरू नका, ही साक्ष धरा.